बाळा परबांचा एक शब्द

श्रुतिका परबने 'सेट' हा शब्द स्वतः मागून घेतला आणि त्याबद्दल नंतर स्वतःलाच पोटभर शिव्या घातल्या. अंधेरीतल्या ज्या कंपनीत ती काम करायची, तिथे फोनवर चालणारा इंग्रजी-मराठी शब्दकोश तयार होत होता. दर सोमवारी शब्दांची यादी यायची आणि सहा जण ती आपसात वाटून घ्यायचे. लांबलचक, भारदस्त शब्द बघून नवखी माणसं बिचकतात. पण लांब शब्द बिचारा गरीब असतो. त्याला एक अर्थ असतो, फार तर दोन, आणि तो दुपारच्या चहाआधी उरकतो. खरी वाट लागते ती इंग्रजीतल्या तीन अक्षरी शब्दांनी. चार वर्षं या कामात मुरलेल्या श्रुतिकाला हे चांगलं ठाऊक होतं. तरी तिने 'सेट' उचलला, कारण तिच्या घरी तो दिवसातून शंभर वेळा ऐकू येत होता आणि दुसरा एकही शब्द ऐकू येत नव्हता.

पाच महिन्यांपूर्वी, मे महिन्यात, तिचे वडील बाळा परब मुलुंडच्या घरी दाढी करता करता बेसिनपाशी कोसळले. अर्धांगवायूचा झटका होता. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि वाचा गेली. श्रुतिका मालाडची भाड्याची खोली सोडून लॅपटॉप घेऊन आईवडिलांकडे राहायला आली. अकराव्या दिवशी इस्पितळात बाबांनी तोंड उघडलं आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, "सेट." सगळ्यांना वाटलं, आता याच्या मागोमाग बाकीचे शब्द येतील. कोणी आलं नाही. भूक लागली तरी सेट, डास चावला तरी सेट, सोसायटीचे सचिव कुंडलिकराव शहाळं घेऊन बघायला आले तर त्यांनाही सेट.

शब्द कुठून आला हे उघड होतं. बाळा परब छत्तीस वर्षं मुलुंडमधल्याच एका वर्कशॉपात सेटर होते. लेथ मशीनवर नवीन काम लागलं की त्यात कापायचं हत्यार बरोबर बसवायचं, मापं जुळवायची, पहिला नग काढून तपासायचा, हे सेटरचं काम. सगळं जुळलं की ते म्हणायचे 'सेट', आणि मग ऑपरेटर पुढचे पाचशे नग काढायला मोकळा. नववीपर्यंत शिकलेल्या माणसाने छत्तीस वर्षं जपून वापरलेला शब्द होता तो. उगाच कधी तोंडातून काढला नव्हता.

श्रुतिकाची आई मालन हिला मात्र या एका शब्दाची काही अडचण वाटेना.

"सेट," बाबा म्हणाले की ती स्वयंपाकघरातूनच ओरडायची, "पंखो कमी कर गो, तेंका गार लागता."

"तुला कसं कळलं?"

"म्हणाले ना."

"आई, ते सेट म्हणाले."

"मगे? कसा म्हणाले ता आयकलंस नाय?"

श्रुतिका ऐकायची, पण तिला सगळे सेट सारखेच वाटायचे. आई चहा नेऊन द्यायची तेव्हा बाबा प्यायचे, पण चहा समोर आला की कोणीही पितो. पंखा कमी केल्यावर ते डोळे मिटायचे, पण आजारी माणूस डोळे मिटतोच. यातून काही सिद्ध होत नाही, असं तिला वाटायचं. बाबा त्या शब्दात आहेत की नाहीत, एवढाच तिचा प्रश्न होता. तो तिला सकाळी दात घासताना पडायचा आणि दिवसभर सोडायचा नाही.

म्हणूनच तिने तो शब्द कामाला घेतला. एक दिवस लागेल असं वाटलं होतं, सहा आठवडे लागले. सगळ्यात जाड्या इंग्रजी कोशात या चिमुकल्या शब्दाचे चारशेच्या वर अर्थ दिलेले होते, पानांमागून पानं. सूर्य मावळतो तो सेट, जेली घट्ट होते ती सेट, सिमेंट धरतं ते सेट. मोडलेलं हाड जागेवर आणतात, गजर लावतात, जेवणाचं टेबल मांडतात, अंगठीत खडा जडवतात, सगळीकडे हाच. करवतीचे दात एकाआड एक डावीउजवीकडे वाकवलेले असतात, त्या वाकवण्यालाही सेट म्हणतात, आणि बिज्जू नावाच्या प्राण्याच्या बिळालाही. एवढं कमी होतं म्हणून की काय, आपल्या मुंबईने त्यात स्वतःची भर घातली होती. मुलाला नोकरी लागली की तो सेट, घर झालं की लाइफ सेट, आणि कुठे वशिला लावायचा असला की सेटिंग. श्रुतिका लिहीत गेली आणि तिची छाती दडपत गेली. तीन अक्षरांत अख्खं जग कोंबून ठेवलं होतं, आणि माणसं ते खिशात घालून बिनधास्त फिरत होती.

मग ती शब्दाच्या मुळाशी गेली, आणि तिथे तर तिची बोलतीच बंद झाली. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ सरळ होता: बसवणे. ज्याला बसता येत नाही त्याला बसतं करणे. आणि त्याही मागे, काही हजार वर्षं मागे गेलं की तो आपल्या संस्कृतातल्या 'सद्' या धातूचा भाऊबंद निघत होता. सद् म्हणजे बसणे. त्यातूनच सदन, त्यातूनच संसद आणि परिषद, आणि गुरूपाशी जवळ बसून ऐकायचं ते उपनिषदही त्यातूनच. बाबा ज्या अर्थाने मशीनसमोर उभे राहून सेट म्हणायचे, त्या अर्थाचे चुलते उपनिषदात बसले होते.

पण चहाचा सेट, पुस्तकांचा सेट, यातला सेट या घरचा नव्हता. तो लॅटिनमधून निघून फ्रेंचमधून हिंडत आला होता, आणि त्याच्या मुळाशी मागोमाग चालणारी, सोबत करणारी माणसं होती. जाणकारांच्या मते आपला सचिव त्याच कुळातला, मूळ अर्थ सोबती. खुद्द सोसायटी हा शब्दही तिथलाच. ते वाचून श्रुतिका खाली दूध आणायला गेली, तेव्हा जिन्याजवळच्या फळ्यावर पाण्याच्या टाकीची नोटीस होती, खाली 'सचिव, सोसायटीकरिता' अशी कुंडलिकरावांची सही. ती दुधाची पिशवी हातात धरून तिथेच उभी राहिली. टाकीवरून वर्षभर भांडणारे ते दोन शब्द मुळात सोबतीच होते. बसवणारा एक आणि सोबत चालणारा एक, असे दोन अनोळखी घरांतले शब्द एका उच्चारात येऊन राहिले होते आणि शेकडो वर्षं एकत्र नांदत होते. तिला ते कोणाला तरी सांगावंसं वाटलं. आधी हे असलं काही सांगायला तिच्याकडे बाबा होते. त्यांना इंग्रजीचा गंध नव्हता, पण कुठलीही गोष्ट कशी बनली आहे हे ऐकायला ते एका पायावर तयार असायचे.

त्या आठवड्यात ती त्यांना घेऊन वाचा-उपचाराच्या शर्मिष्ठा मॅडमकडे गेली. शर्मिष्ठा तिच्याच वयाची, कामात पक्की आणि स्पष्ट बोलणारी. तिने टेबलावर चित्रं मांडली. "काका, हत्ती कुठला दाखवा बरं." बाबांनी मान वळवून खिडकीकडे पाहिलं. "केळं दाखवा." बाबा खिडकीतून बाहेरच पाहत राहिले. "सेट," ते म्हणाले.

बाहेर आल्यावर शर्मिष्ठाने श्रुतिकाला बाजूला घेतलं. "हे बघ, तुला गोडगोड सांगणार नाही मी. असा एकच शब्द अडकून राहणं आम्ही बघतो. तो शब्द ते बोलत नाहीत, तो आपोआप येतो. उचकी येते ना, तसा. त्यात अर्थ शोधत बसू नकोस यार, थकशील."

"पण आत त्यांना समजतं का?"

"आज तरी एकाही प्रश्नाला हात उचलला नाही त्यांनी. अजून बघू आपण. पण आशा जरा बेतानेच ठेव."

घरी आल्यावर मालनने विचारलं, मॅडम काय म्हणाल्या. बाबांना नुकतंच खुर्चीत बसवलं होतं. श्रुतिकाचा खांदा दुखत होता आणि सहा आठवडे त्या शब्दामागे धावून डोकं उठलं होतं. "तो शब्द रिकामा आहे, आई," ती म्हणाली. "बाबा नाहीयेत त्यात. तू उगाच भरतेस त्यात काय काय. चारशे अर्थ आहेत गं त्याचे, आणि बाबांकडे त्यातला एकही नाही."

मालनने नवऱ्याच्या हनुवटीवरचं पाणी पदराने पुसलं आणि भात टाकायला निघून गेली.

दसऱ्याला वर्कशॉपमधून बोलावणं आलं. तिथे दरवर्षी मशीनची पूजा झाली की मुहूर्ताचा एक नग काढायचा रिवाज होता, आणि तो नग बाळा परबांच्या हातात जायचा. नगाला एकही खोट नसली तर ते त्याच्या तोंडावर निळ्या मार्करने एक रेघ ओढायचे. ती रेघ म्हणजे सेटरची सही. रेघेचा नग मशीनच्या डोक्यावर ठेवला जायचा आणि काम संपेपर्यंत तिथून हलायचा नाही. रेघ नाही तर काम नाही, हा बाबांनीच घालून दिलेला नियम. मालक विशाल तिशीतला, वडिलांच्या मागे वर्कशॉप सांभाळणारा. तो फोनवर म्हणाला, "काकांना नुसतं आणून बसवा. त्यांच्याशिवाय मशीन सुरू करायला जीव होत नाही."

रिक्षा दारापर्यंत गेली. मालनने बाबांना इस्त्रीचा शर्ट घातला होता. सगळी मशीनं धुऊनपुसून उभी होती, त्यांना हळदकुंकू लावलं होतं आणि झेंडूच्या माळा बांधल्या होत्या. लेथवर दशरथ होता, वीस वर्षं बाबांच्या हाताखाली काम केलेला ऑपरेटर. तो बाबांच्या पाया पडला आणि बराच वेळ खालीच राहिला. उठला तेव्हा त्याला लगबगीने मशीनकडे वळावं लागलं. नारळ फुटला. दशरथने पितळेचा एक तुकडा लावला, मशीन सुरू केलं, आणि आतून पोकळ, सोन्यासारखा पिवळा एक बुश, म्हणजे आखूड नळी, काढून बाबांच्या डाव्या हातात ठेवला.

"भाऊ, तुमच्या हातचा मुहूर्त. आजच पाचशे काढायचेत."

बाबांनी नग मांडीवर धरला. डाव्या हाताचा अंगठा आत घातला आणि सावकाश फिरवला. परत एकदा फिरवला.

"सेट," ते म्हणाले.

टाळ्या पडल्या. विशालने हात जोडले. दशरथने खिशातला निळा मार्कर टोपण काढून त्यांच्यापुढे धरला. बाबांनी मूठ मिटली. दशरथने मार्कर हलकेच मुठीजवळ नेला. मूठ आणखी घट्ट झाली. "सेट," बाबा पुन्हा म्हणाले.

"राहू दे, भाऊ. हाताला त्रास नको," दशरथ मायेने म्हणाला. "तुमच्या वतीने मीच ओढतो. बाळाभाऊ सेट म्हणाले म्हणजे सेट." त्याने रेघ ओढली, नग मशीनच्या डोक्यावर ठेवला आणि पुढचा तुकडा चढवला. मशीन गरगरू लागलं.

"सेट," बाबा म्हणाले. मग मोठ्याने म्हणाले. मग ओरडायलाच लागले, "सेट, सेट, सेट," मानेच्या शिरा ताणून, डावा पाय जमिनीवर आपटत. कोणीतरी हातातला पेढा खाली ठेवला. विशाल श्रुतिकाजवळ आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "ताई, त्यांना झेपत नाहीये वाटतं. घरी नेऊया का?"

श्रुतिका लाजेने आणि दुःखाने अर्धी झाली होती. ती त्यांना उठवायला वाकली, आणि तिची नजर त्या मुठीवर गेली. हा डावा हात. याच हाताने आज सकाळी बिस्किटाचा पुडा फोडला होता, शर्टाची दोन बटणं लावली होती. या हाताला मार्कर धरायला काही त्रास नव्हता. ज्या माणसाने छत्तीस वर्षं रेघ ओढली, त्याच्यापुढे कोणी मार्कर धरला होता आणि त्याने मूठ मिटली होती.

"दशरथकाका, थांबवा," ती म्हणाली. "मशीन थांबवा. बाबांनी रेघ ओढलेली नाही."

"अगं, ते म्हणाले की."

"रेघ नाही तर काम नाही ना? मग आधी मोजा तो नग."

दशरथने मशीन थांबवलं, पण पटलं नाही हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मशीन थांबलं तसे बाबाही थांबले. दशरथने मुहूर्ताचा नग उतरवला, आतलं माप घेण्याचं गेज त्यात घातलं, काट्याकडे पाहिलं. गेज आणखी आत सरकवलं, पुन्हा पाहिलं. मग त्याने रुमालाने गेज पुसलं आणि पहिल्यापासून मोजायला लागला.

"भोकाच्या मध्यावर पायरी आलीय," तो शेवटी म्हणाला. "तीस मायक्रॉन."

"म्हणजे किती?" श्रुतिकाने विचारलं.

"केसाच्या निम्म्याहून कमी." तो बाबांकडे बघत होता. "डोळ्यांना दिसत नाय ती. पाचशेच्या पाचशे नग भंगारात गेले असते."

बाबांनी डाव्या हाताचं बोट उचललं आणि मशीनकडे दाखवलं. दशरथ जाऊन एकेका भागावर हात ठेवू लागला, आणि बोट नकारार्थी हलत राहिलं. हत्यार ज्या खाचेत बसतं तिथे हात गेला तेव्हा बोट थांबलं. दशरथने हत्याराचे बोल्ट सैल केले आणि ते उचललं. त्याच्याखाली, खाचेच्या तळाशी, झेंडूची एक पाकळी चिकटली होती. धुवायला काढलेलं हत्यार परत चढवताना माळेतली पाकळी खाली गेली होती. पहिला नग अर्धा कापून होईस्तोवर ती दबली, हत्यार तेवढंच खाली बसलं आणि भोकात पायरी पडली. पूजेला वाहिलेलं फूल होतं ते. दशरथने ते चिमटीत धरलं, टाकून देणं त्याला जमेना, म्हणून शर्टाच्या खिशात ठेवलं.

पुढची वीस मिनिटं मापं नव्याने जुळवण्यात गेली. बाबांची खुर्ची मशीनला टेकवून ठेवली. त्यांचं बोट किंचित वर जायचं, दशरथ हत्यार तेवढंच वर घ्यायचा. बोट थांबलं की तो थांबायचा. एकदा बाबा चिडून "सेट" म्हणाले आणि दशरथ म्हणाला, "हो भाऊ, चुकलं," आणि त्याने मागे घेतलं. श्रुतिका भिंतीला टेकून बघत होती. देवळात कधी वाटलं नव्हतं असं तिला आज वाटत होतं. सहा आठवडे ती जे पुस्तकांत शोधत होती, ते सगळं तिच्या डोळ्यांदेखत, एका बोटावर चाललं होतं. अख्खाच्या अख्खा माणूस समोर बसला होता.

दुसरा नग निघाला. बाबांनी अंगठा फिरवला. मग डावा हात पुढे केला आणि बोटं उघडली. दशरथने मार्कर दिला. रेघ वाकडी आली, पण आली. विशाल तोंड फिरवून उभा राहिला आणि मालन पदर तोंडाशी धरून हसत होती.

लोक पेढ्यांकडे वळले, मशीन पुन्हा सुरू झालं, आणि तेव्हा कुठे ते श्रुतिकाच्या ध्यानात आलं. बाबा आत होते. आज आले नव्हते, पाचही महिने होते. हत्तीच्या चित्रासमोर होते. ते तिथे नसल्यासारखं त्यांच्या डोक्यावरून घरात जे जे बोललं गेलं, त्या प्रत्येक वेळी होते. आणि त्या संध्याकाळी, ती आईला सांगत होती की शब्द रिकामा आहे, तेव्हा दोन हातांच्या अंतरावर खुर्चीत बसून ते ऐकत होते, आणि 'नाही' म्हणायला त्यांच्याकडे तोच एक शब्द होता.

ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. ऑइलचे डाग साडीला लागतील याचं तिला भान नव्हतं.

"बाबा, त्या दिवशी मी बोलले ते तुम्ही ऐकलंत ना?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. खूप दिवसांनी तीही सरळ त्यांच्या डोळ्यांत बघत होती.

"सेट," ते म्हणाले.

आवाज हळू होता. तो राग होता की माफी, की नुसतंच 'हो', तिला कळलं नाही. चारशे अर्थ तिला पाठ होते आणि त्यातला एकही इथे लागू पडेना. तिने मान वर करून आईकडे पाहिलं.

"आई, काय म्हणाले गं?"

मालनने पेढ्याचा तुकडा मोडून नवऱ्याच्या तोंडात घातला. "माका नाय म्हणाले ते," ती म्हणाली. "तुका म्हणाले. तूच आयक."

श्रुतिकाने बाबांचा डावा हात दोन्ही हातांत घेतला. बोटांना निळी शाई लागली होती.

"परत सांगा, बाबा," ती म्हणाली, आणि ऐकायला त्यांच्याजवळ सरकून बसली.